सावलीला हात फुटले

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांनी काय करावं, याबद्दल कुणालाही काहीही सुचतं. त्या वर्षी वरच्या कुठल्या तरी कचेरीत कुणाला तरी सुचलं, की डोंगरातल्या वस्त्यांवरची आदिवासी मुलं शहरात आणावीत आणि सहा आठवडे कामावरच्या एकेका माणसाच्या मागे उभी करावीत. मुलांनी बघायचं. हात लावायचा नाही, मध्ये पडायचं नाही, नुसतं बघायचं. कागदावर योजनेचं नाव ओळभर लांब होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला सावली योजना म्हणू लागले. अकरावीतली बारा मुलं आली. कुणी पोस्टात गेलं, कुणी छापखान्यात, कुणी पाण्याच्या टाकीवर, आणि एक मुलगी मोठ्या इस्पितळाच्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आली.

ही प्रयोगशाळा बाईंची. म्हणजे दारावरच्या पाटीवर नाव डॉक्टरांचं होतं, पण चालवायच्या बाई. बावीस वर्षं त्याच खिडकीपाशी, त्याच स्टुलावर. रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर पसरवावा तर बाईंनीच, असं वॉर्डातले डॉक्टरसुद्धा म्हणायचे. काम दिसायला सोपं. स्लाइडच्या एका टोकाला थेंब ठेवायचा, दुसरी स्लाइड तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब तिच्या कडेने धावला की एका दमात पुढे ढकलायची. हात जरा थबकला की रक्त पायऱ्यापायऱ्यांनी बसतं, जरा जड पडला की पेशींचा नुसता चिखल. बाईंच्या स्लाइडवर रक्ताची कड पिसासारखी विरत जायची. नवी पोरं वर्ष वर्ष स्लाइडी घासायची, तरी तशी कड काही यायची नाही.

योजनेच्या यादीत डॉक्टरांनी बाईंचं नाव न विचारताच घातलं, तेव्हा बाईंनी अंग काढून घ्यायला पाहिलं. कामाचा व्याप सांगून झाला, पाठदुखी सांगून झाली, शेवटी रेडिओचं नाव पुढे करून झालं. रेडिओ म्हणजे बाईंच्या हाताखालचा तंत्रज्ञ. इस्पितळात कुठे खुट्ट झालं तरी बातमी आधी त्याच्याकडे यायची आणि मग सगळीकडे जायची, म्हणून हे नाव. डॉक्टर हसले. म्हणाले, रेडिओच्या मागे उभी केली तर सहा आठवड्यांत पोरीला गप्पा छाटण्यापलीकडे काही येणार नाही. घोंगडं बाईंच्याच गळ्यात पडलं.

आता एका शाळकरी मुलीचं एवढं काय ओझं, असं कुणाला वाटेल. ओझं मुलीचं नव्हतंच. बाई स्वतःच वरच्या, डोंगरातल्या वस्तीतल्या होत्या, आणि हे या शहरात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. नवव्या वर्षी त्या खाली वसतिगृहात आल्या. तिथल्या मास्तरणीने, पुढे पोरीला त्रास नको म्हणून, नोंदवहीत आडनाव बदलून टाकलं. मग पोरीने आपणहून बोली बदलली, केस बांधायची तऱ्हा बदलली, हसणंसुद्धा बदललं. लग्न शहरातल्या माणसाशी झालं. त्याला सांगितलं, आईबाप लहानपणीच गेले आणि गाव काही आठवत नाही. यातलं पहिलं खरं होतं. ज्या आत्याने लहानाचं मोठं केलं, ती गेल्याचा निरोप फिरत फिरत आला तो बाई कामावर असताना, आणि डोळे लाल का म्हणून कुणी विचारलं तर त्यांनी दाढ दुखते असं सांगितलं होतं. वरच्या माणसांवर रेडिओने आणि त्याच्या आधीच्यांनी बावीस वर्षांत जितके विनोद केले, त्या प्रत्येकाला बाई हसल्या होत्या. न हसून चाललं नसतं, असं त्यांना वाटायचं. चाललं असतं. पण करून कधी बघितलं नाही.

मुलगी आली सोमवारी सकाळी. अंगाने बारीक, केस करकचून बांधलेले, हातात एक नवी कोरी वही. तिला घेऊन योजनेच्या संयोजिका आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर नियम वाचून दाखवले आणि शेवटी बक्षीसही सांगितलं. बारा मुलांत ज्याचा शेरा सगळ्यांत चांगला, त्याला बारावीनंतर तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमात थेट जागा, वसतिगृहासकट. बाकीच्यांनी परत वर जायचं. वरची शाळा बारावीला संपते. त्यापुढे काय, ते संयोजिकांच्या फाइलीत लिहिलेलं नव्हतं. मुलीने जागेबद्दलची तेवढी ओळ वहीत लिहून घेतली, ते बाईंनी पाहिलं. बाईंनाही एके काळी अशीच एक जागा हवी होती, आणि ती मिळाली नसती तर आज आपण कुठे असतो हे त्या कधी मनात येऊ देत नसत.

संयोजिका गेल्यावर मुलगी येऊन उभी राहिली ती बाईंच्या डाव्या खांद्यामागे, अर्धं पाऊल सोडून. रेडिओ म्हणाला, अगं समोर ये, तिथून काय डोंबल दिसणार? ती हलली नाही. बाईंना ती जागा माहीत होती. आत्या मासे धरायची जाळी विणायची तेव्हा छोट्या बाई नेमक्या तिथेच उभ्या राहायच्या. ती शिकणाऱ्याची जागा. समोरून बघितलं तर शिकवणाऱ्याचे हात उलटे दिसतात, तिथून ते आपलेच असल्यासारखे दिसतात.

आणि तिथेच बाईंकडून घोटाळा झाला. काही न बोलता त्यांनी स्टूल वीतभर उजवीकडे सरकवलं, मुलीला हात नीट दिसावेत म्हणून. वर सगळीकडे असंच करतात. शिकवणाऱ्याने सरकून जागा दिली की 'ये, शीक' असं तोंडाने म्हणायची गरज उरत नाही. खाली असं कुणी करत नाही. चाळीस वर्षं अंगात निजून राहिलेली रीत बाईंना न विचारता उठली आणि स्टूल सरकवून मोकळी झाली. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मुलीचे आखडलेले खांदे एकदम सैल झाले.

पुढचे चार आठवडे ती तिथे उभी होती. सकाळी नळ्या आल्या की उभी, दुपारी यंत्रं धुऊन झाली तरी उभी. बस म्हटलं तर बसायची आणि बाई उठल्या की उठायची. रेडिओने तिचं नाव सावली पाडलं आणि ते सगळ्या मजल्यावर पसरलं. ती प्रश्न म्हणून कधी विचारायची नाही. डॉक्टर एकदा येऊन काळजीने म्हणाले, ही काही विचारते की नाही, फॉर्ममध्ये त्याचा रकाना आहे. बाई म्हणाल्या, विचारते की, तुमच्यासमोर लाजते. खरं कारण बाईंना ठाऊक होतं. वर शिकणारा विचारत नाही. विचारणं म्हणजे शिकवणाऱ्याला तोंडावर सांगणं, की तुझे हात बघून काही कळत नाही. शिकणारा बघतो, महिना महिना बघतो, आणि बघता बघता त्याच्या बोटांना खाज सुटते.

मुलीच्या बोटांना ती सुटली होती. जेवणाच्या सुट्टीत ती खिडकीशी पाठमोरी उभी राहून रिकाम्या हातांनी हवेत स्लाइड ओढायची. बाईंनी दारातून पाहिलं. कोन बरोबर होता, वेग बरोबर होता, शेवटी हात अलगद उचलायचा तोही बरोबर उचलत होती. त्या दिवशी बाईंना आपल्या स्टुलावर बसवेना. चौथ्या आठवड्याच्या शनिवारी त्यांनी मुलीचा फॉर्म वेळेआधीच भरून टाकला. सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी, आणि खाली शेरा लिहिला, की इतक्या वर्षांत असे हात पाहिले नाहीत. शाईने लिहिला आणि खणात ठेवला. घरी जाताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष?

मंगळवारी सकाळी नळ्यांची गर्दी होती. सत्तेचाळीस नंबरची नळी एका बाप्या माणसाची, हर्नियाच्या ऑपरेशनाआधीची नेहमीची तपासणी. अठ्ठेचाळीस नंबरची एका सात वर्षांच्या पोरीची, चार दिवस तापाने फणफणलेली. बाईंनी दोन स्लाइडींवर पेन्सिलीने नंबर घातले. रेडिओ बाजूच्या टेबलावरून विनोद सांगत होता. वरचा एक माणूस इस्पितळात येतो. डॉक्टर औषध देतात आणि म्हणतात, जेवणानंतर घे. आठ दिवसांनी तो तसाच खंगलेला परत. औषध का नाही घेतलंस, तर म्हणे, जेवण कुठे झालं?

रेडिओ मांडीवर थाप मारून हसला. मग मुलीकडे बघून म्हणाला, हिला काही वाटत नाही, ही आता आपल्यातलीच. बाई त्याच्याकडे वळल्या आणि हसल्या. जितकं हसायचं असतं तितकंच, ना कमी ना जास्त. वळलेल्या मानेने हात पुढे केला, आणि सत्तेचाळीसच्या स्लाइडवर अठ्ठेचाळीसचा थेंब पडला. दुसऱ्यावर पहिल्याचा. स्लाइडी सुकल्या, रंगवून झाल्या, मायक्रोस्कोपखाली गेल्या. एकीत हिवतापाचे जंतू खच्चून भरले होते. बाईंनी लिहिलं, सत्तेचाळीस, हिवताप. अठ्ठेचाळीस, काही नाही. कागद ट्रेमध्ये टाकले. बाराला शिपाई येऊन ट्रे वॉर्डात न्यायचा.

तेवढ्यात डॉक्टरांनी बोलावलं. नव्या यंत्राच्या कागदांवर सह्या हव्या होत्या. सह्या करायला दोन मिनिटं लागली आणि यंत्राचं कौतुक ऐकायला वीस. बाई परतल्या तेव्हा मायक्रोस्कोपच्या उजव्या बाजूला दोन नव्या स्लाइडी ठेवलेल्या होत्या. रक्त नुकतंच सुकलेलं. नंबर पेन्सिलीने नीट घातलेले, आणि प्रत्येकीच्या मागे तिची नळी उभी केलेली. मुलगी आपल्या जागी, डाव्या खांद्यामागे. हातातले मोजे काढून टोपलीत टाकलेले.

बाईंनी नंबर पाहिले, मागच्या नळ्या पाहिल्या, आणि सकाळी झालेली अदलाबदल त्यांच्या ध्यानात आली. आत्याच्या जाळ्यात एकदा एक गाठ सुटली होती. छोट्या बाईंनी ती दिसताच तेवढा पट्टा नव्याने विणला आणि आत्याच्या उजव्या हाताशी ठेवला. शिकवणाऱ्याची चूक तोंडाने काढायची नसते. बरोबर करून उजव्या हाताशी ठेवायचं, त्याने उचललं की झालं. आत्याने उचललं होतं आणि पुढे विणायला घेतलं होतं. एवढंच. त्या एवढ्याशा गोष्टीने पोर आठ दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

बाईंनी स्लाइडी उचलल्या. शिपायाला दहा मिनिटं थांबवून रंगवल्या, बघितल्या. जंतू अठ्ठेचाळीसमध्ये. जुने दोन्ही कागद फाडून नवे लिहिले, जुन्या स्लाइडी मोडीच्या डब्यात टाकल्या. पोरीला औषध वेळेवर सुरू झालं आणि हर्नियावाला आपल्या हर्नियापुरता राहिला. नव्या स्लाइडींची कड बाईंनी दिव्यासमोर धरून पाहिली. मुलीची ही पहिलीच खरी स्लाइड. पिसासारखी विरत गेली होती. बाईंना भरून आलं. त्या वळून काही बोलल्या नाहीत, बोलायचं नसतंच. त्या क्षणी त्या दोघी डोंगरावर होत्या, आणि खाली कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

निदान बाईंना तसं वाटलं. रेडिओ मधल्या वेळात डबा घ्यायला आत आला होता आणि त्याने मुलीच्या हातात नळी पाहिली होती. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. वाईट मनात असायला आधी मनात काही ठेवावं लागतं, आणि रेडिओचं पोट त्या कामाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाला तो सहज म्हणाला, मॅडमच्या सावलीला हात फुटले. सगळे हसले, डॉक्टर हसले नाहीत. डॉक्टर भला माणूस, पण नियमावर जीव. रुग्णाच्या रक्ताला मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम योजनेत पहिला होता आणि तो त्यांनी स्वतः घालायला लावला होता.

शुक्रवारी त्यांच्या खोलीत चौघं बसली. डॉक्टर, फाइल उघडून संयोजिका, बाई, आणि मुलगी. मुलीला खुर्ची दिली होती तरी ती बाईंच्या डाव्या खांद्यामागे उभीच राहिली. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही तिला परवानगी दिली होती का? बाई म्हणाल्या, नाही. ते खरं होतं. तुम्हांला कधी कळलं? नंतर, असं बाई म्हणाल्या. तेही खरं होतं. माणसाला खोटं न बोलता किती लांब जाता येतं, ते त्या खोलीत दिसलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, की पण मुलगी नियम मोडणारी वाटत नाही, तिने असं का केलं असेल?

इथे बाईंनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. चूक माझी होती, हिने ती सुधारली. काय झालं असतं? बावीस वर्षांत पहिला मेमो आला असता, आणि तोही डॉक्टरांनी चरफडत लिहिला असता. पण बाईंना पुढचा प्रश्न आधीच ऐकू येत होता. मग तिने तुम्हांला तोंडाने का सांगितलं नाही? आणि तुम्हांला न सांगता कसं कळलं? उत्तर सुचलं नसतं असं नाही. लाजली असेल, म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण भीतीला एवढा पाचपोच नसतो. बाईंना दिसलं ते एवढंच, की एक टाका उसवला की सगळी शिवण जाणार. नवरा, सासर, रेडिओ, चहाचं टेबल, ते सगळे विनोद आणि त्यावर त्या हसल्या होत्या ते सगळं हसणं.

"हौस असते या वयात," बाई म्हणाल्या. "हाताला चाळा, दुसरं काय."

 

डॉक्टर मुलीकडे वळले. म्हणाले, तुझं काही म्हणणं असेल तर सांग, मी ऐकेन. थोडं थांबून पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा तर अगदी अजिजीने म्हणाले, की बघ पोरी, तुझी जागा जाईल, काही कारण असेल तर आत्ता बोल. संयोजिकांनीही पेन वर धरून ठेवलं होतं. मुलगी गप्प.

ती गप्प राहणार हे त्या खोलीत एकट्या बाईंना ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी ते वाक्य टाकलं होतं. शिकवणाऱ्याची चूक शिकणारा चारचौघांत काढत नाही, जीव गेला तरी काढत नाही. परक्या माणसाच्या मागे उभी असती तर मुलीने मंगळवारीच सरळ सांगितलं असतं, की बाई, नळ्या बदलल्या. काही बिघडलं नसतं. तिने हात लावला, कारण पहिल्याच दिवशी कुणीतरी वीतभर सरकून तिला जागा दिली होती. हे सगळं बाईंना लख्ख दिसत होतं आणि त्या मूग गिळून बसल्या होत्या. पेन खाली आलं. संयोजिकांनी लिहिलं, सूचनांचे पालन करीत नाही, खुलासा देत नाही.

खणातला फॉर्म बाईंनी त्या संध्याकाळी फाडला. नवा भरला. रकाने होते तेवढेच होते, भरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खाली शेऱ्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून एक रेघ ओढली.

आठवडा उरला असतानाच मुलीला परत पाठवायचं ठरलं, आणि तिचे वडील शनिवारी दुपारी तिला न्यायला आले. दोन बस बदलून आले होते. डोक्यावरची टोपी काढून हातात धरून ते प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहिले. रेडिओ जेवायला गेला होता. आत बाई एकट्याच होत्या, आणि मुलगी आपली वही पिशवीत भरत होती. आज ती बाईंच्या मागे उभी राहिली नव्हती. ती टेबलाच्या पलीकडे होती, समोर.

वडील शहराच्या बोलीत शब्द जुळवत बोलले. "पोरीचं चुकलं, बाईसाहेब. माफी असावी. घरून तिला असं शिकवलेलं नाही."

"असू द्या, असू द्या," बाई म्हणाल्या. "हुशार आहे मुलगी. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणावं."

पुढच्या वर्षी ती बारावीत असणार होती आणि योजना अकरावीपुरतीच होती. बाईंना हे पक्कं माहीत होतं, आणि मुलीलाही. वडिलांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी मान हलवली.

मग ते मुलीकडे वळले आणि हलक्या आवाजात वरच्या बोलीत बोलले. चाळीस वर्षांत बाईंच्या इतक्या जवळ ती बोली कुणी बोललं नव्हतं. एकही शब्द जुना झाला नव्हता. एकही शब्द अडला नाही.

"खरं सांग," वडील म्हणाले. "तू उगाच हात लावणारी नाहीस. काय झालं होतं?"

मुलीने पिशवीचा बंद ओढला. मग मान वर करून बाईंकडे बघितलं आणि बाईंकडे बघतच वडिलांना उत्तर दिलं, त्याच बोलीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "हिची चूक झाली होती. मी बरोबर करून हिच्या उजव्या हाताशी ठेवलं. हिने उचललं. नंतर डॉक्टरांपुढे म्हणाली, पोरीच्या हाताला चाळा."

"मग तोंडाने का नाही सांगितलंस? खालच्या माणसांना तोंडानेच सांगावं लागतं."

"मला वाटलं, ही आपल्यातली आहे."

शिकवणाऱ्याची चूक मुलीने तोंडाने काढली होती, बापापुढे, बाईंच्या डोळ्यांत बघून, आणि बाईंना सगळं कळतंय हे ठाऊक असून. म्हणजे बाई आता तिच्या कुणी नव्हत्या. बाईंचा चेहरा मात्र तसाच होता. परकी बोली कानावर पडली की शहरातली माणसं करतात तसा, जरा हसरा, जरा कंटाळलेला. बावीस वर्षांचा सराव होता. तोंडाच्या कडा जिथल्या तिथे होत्या. फक्त टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकले होते.

वडिलांनी बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. घाई नव्हती त्यांना.

"छे," ते म्हणाले. "आपल्यातली असती तर गप्प बसली असती का? चल, बस चुकेल."

आता काहीतरी बोलायला हवं होतं. काही न कळणारं माणूस या जागी जे बोललं असतं, ते बाई बोलल्या. शहराच्या स्वच्छ बोलीत त्यांनी मुलीला विचारलं, "काय म्हणतायत वडील?"

मुलीने पिशवी खांद्याला लावली.

"काही नाही बाई," ती म्हणाली. "तुमचे आभार मानतायत."

"आभार कसले त्यात," बाई म्हणाल्या.